६१७४ नुसती सापडली नाही

गणितातल्या गोष्टी शोधल्या जातात की घडवल्या जातात, हा वाद तत्त्वज्ञानवाल्यांचा म्हणून आपण सोडून देतो. शाळेपुरता मात्र तो आपण कधीच निकालात काढलेला आहे. गणित आधीच तयार आहे, ते पुस्तकात आहे, मुलांनी ते उचलायचं आणि ठरलेल्या पायऱ्यांनी उत्तरपत्रिकेत उतरवायचं. पायरी चुकली की अर्धा मार्क जातो, आणि बऱ्याच ठिकाणी पायरी नुसती वेगळी पडली तरी जातो. माझ्या मते हा निकाल चुकीचा आहे. ते दाखवायला युक्लिडपर्यंत किंवा गाउसपर्यंत जायचं कारण नाही. नाशिकजवळच्या देवळालीपर्यंत गेलं तरी पुरे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शाळा शिकले, पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीत शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, पाठीशी संशोधन संस्था नाही. होता तो आकड्यांचा नाद आणि पदरमोड करून छापलेल्या पुस्तिका. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४च. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही इथेच येऊन थांबता. जगभर या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आता सांगा, ही संख्या कापरेकरांना सापडली की त्यांनी घडवली?

पहिलं उत्तर तोंडावर येतं ते 'सापडली' असं. ७६४१ मधून १४६७ गेले तर ६१७४ उरतात, हे कापरेकर जन्मले नसते तरी खरंच होतं. कबूल. पण हीच गोष्ट रोमन आकड्यांत सांगून पाहा. तिथे अंक उतरत्या क्रमाने लावणं याला काही अर्थच नाही, कारण चिन्हाची जागा बदलली म्हणून त्याची किंमत दसपट होत नाही. दहाऐवजी पाचाच्या पायावर मोजलं तर ६१७४ ही मानकरी राहत नाही. तिथे ३०३२ ही संख्या उलटसुलट वजाबाकीतून स्वतःलाच परत देते. म्हणजे ज्या जमिनीवर ६१७४ उभी आहे ती जमीन माणसांनी तयार केलेली आहे. दहा चिन्हं, जागेनुसार किंमत, रिकाम्या जागी शून्य, हातच्याची वजाबाकी ही शेकडो वर्षांची सामाईक वहिवाट आहे आणि ती कुणा एकाच्या मालकीची नाही.

पण नुसती वहिवाट असून भागलं नाही. शतकानुशतकं कोट्यवधी लोक हातच्याची वजाबाकी करत आले. मुनीम करत होते, पटवारी करत होते, पंचांगकर्ते करत होते. त्यांच्यापैकी कुणालाही एकाच संख्येचे अंक उलटसुलट लावून वजाबाकी करण्याचं काही कारण नव्हतं, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करण्याचं तर त्याहून नव्हतं. ते करायला एक रिकामटेकडी वाटणारी, पूर्णपणे खाजगी सवय लागते. ती देवळालीतल्या एका मास्तरांकडे होती.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या आणि २१११ पासून सुरुवात करा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढे काय? शाळेत आपण शिकलो की डावीकडच्या शून्याला किंमत नाही. मग ही संख्या तीन अंकी झाली, तिचे अंक सारखे, ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य आणि खेळ खलास. ६१७४ येतच नाही! पण उत्तर ०९९९ असं चार घरांत लिहिलं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, आणि त्यापुढच्या पायरीला ६१७४ हजर.

तेव्हा 'प्रत्येक संख्या ६१७४ ला पोचते' हे विधान खरं की खोटं? डावीकडचं शून्य ठेवायचं असं ठरवलं तर खरं, पुसायचं असं ठरवलं तर खोटं. हा निर्णय आकड्यांच्या पोटात कुठेही लिहिलेला नाही, तो माणसाने घेतलेला आहे. बरं, तो मनमानीही नाही. शून्य ठेवल्यावर एक सुंदर, अपवादांशिवाय चालणारी गोष्ट हाती येते आणि पुसल्यावर ठिगळांचं विधान उरतं. म्हणून ठेवायचं. गणितातली वस्तू जन्मताना असंच होतं. आधी करून पाहणं, मग कुठेतरी अडणं, मग नियमाला थोडी मुरड घालणं, आणि मग त्या मुरडीसकट व्याख्या. पुस्तकात शेवटी फक्त व्याख्या छापली जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं ती आकाशातून पडली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. गणितातली वस्तू जर माणसाच्या सवयीतून घडते, तर एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हाती तीच वस्तू कशी लागते? कापरेकरांचीच उदाहरणं आहेत. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. अमेरिकेत त्याच संख्या १९७७ च्या एका व्याख्यानानंतर आयव्हन निव्हन यांच्या नावाने रूढ झाल्या. दुसरं उदाहरण स्वयंभू संख्यांचं. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते: १५ पासून २१ होते, १६ पासून २३ होते. काही संख्या मात्र अशा कुणापासूनच होत नाहीत. २० घ्या, तिला असा जन्मदाता नाही. या स्वयंभू संख्या कापरेकरांनी मांडल्या, आणि बर्नार्डो रेकामान या कोलंबियाच्या गणितज्ञामुळे त्यांना कोलंबियन संख्या असंही नाव पडलं. देवळाली कुठे, कोलंबिया कुठे!

मला हा आक्षेप माझ्या बाजूचा पुरावा वाटतो. मराठी मास्तर आणि कोलंबियन गणितज्ञ यांच्यात भाषा सामाईक नव्हती, पण दशमान लेखन, बेरीज आणि 'कोण सुटलं?' असं विचारण्याची गणिती खोड मात्र सामाईक होती. तेवढं सामाईक असलं की दोन खाजगी नाद एकाच ठिकाणी येऊन पोचणं यात चमत्कार नाही. उलट ही संख्या जर सगळ्या वहिवाटींच्या पलीकडे कुठे नांदत असती, तर पाया बदलला की यादी बदलली नसती. सामाईक नियमांमधून काय निष्पन्न होतं ते आपल्या मर्जीवर नाही, तिथे गणित कठोर आहे. कुठले नियम धरायचे आणि त्यांतून कुठला प्रश्न विचारायचा, ते मात्र माणसांच्या हातात आहे. 'गणित हा सगळा मानवी खेळ, काहीही धरा' म्हणणारे पहिली गोष्ट विसरतात आणि आपली पाठ्यपुस्तकं दुसरी.

कापरेकरांच्या आकड्यांना गणित म्हणायचं का, हीसुद्धा शंका जुनी आहे. केंब्रिजच्या हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचा दाखला दिला आहे. त्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत आहेत, ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डींच्या मते हे कोड्यांच्या सदरात शोभतं, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही. हार्डींचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. केलेलं सगळंच टिकत नाही, आणि काय टिकायचं ते इतरांनी पारखणं हाही सामाईक व्यवहाराचाच भाग आहे. पण पारख एका बैठकीत होत नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं आणि मग ठिकठिकाणचे लोक त्या वजाबाकीला लागले. तीन अंकांचं काय? ४९५. दोन अंकांचं? तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांना स्थिरांक नाही. सहा अंकांत दोन संख्या स्वतःला परत देतात, पण सगळे एकीकडे जात नाहीत. १९८१ साली सिद्धच झालं की दशमान पद्धतीत असे सर्वांना ओढून घेणारे स्थिरांक दोनच, ४९५ आणि ६१७४. एका मास्तरांच्या वहीतली करामत आता प्रमेय झाली होती. हे शेवटचं काम कापरेकरांनी केलेलं नाही, पण त्यांच्या वहीशिवाय कुणी ते केलंही नसतं.

हे आकड्यांच्या गमतीपुरतंच आहे असं वाटत असेल तर शून्याकडे पाहा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम लिहिले, त्यात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं ठरवलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून वेगळं स्थान दिलं. तिच्यात काही मिळवा वा काढा, ती बदलत नाही. आज आपण म्हणतो शून्याने भागायचंच नाही. (आजच्या उत्तरपत्रिकेत दोघांच्याही हाती भोपळाच पडला असता, तोही शून्याच्याच प्रश्नावर.) ते दोघे अडाणी होते का? शून्य ही नुसती रिकामी जागा न राहता बेरीज-गुणाकारात भाग घेणारी संख्या कशी होईल, याचे प्रयोग ते करत होते. आपली 'भागायचं नाही' ही व्याख्या त्या प्रयोगांवरच उभी आहे. १ ही मूळ संख्या नाही हेही असंच ठरलेलं आहे. १९१४ साली छापलेल्या लेमर यांच्या मूळ संख्यांच्या प्रसिद्ध यादीची सुरुवात १ पासूनच होते.

सामाईक व्यवहार आपोआप टिकत नाही, त्याला जागा आणि खर्च लागतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण गावी एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ काढला, त्याच्या देणग्यांची ही नोंद. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या खरेदी-विक्रीतला वाटा मठाला, आणि जितके घाणे चालतात तितक्यांमागे पळी पळी तेल. सिद्धांतशिरोमणीच्या अभ्यासाचा दिवा गावच्या तेल्याच्या घाण्यावर जळत होता. गणिताचा इतिहास सांगताना आपण भास्कराचार्यांचं नाव छाती फुगवून घेतो, या पळीभर तेलाचं घेत नाही.

व्यवहार मोडला की वस्तूही विरते. एके काळी मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. सात अडीच साडेसतरा हे मुलाच्या तोंडून विचार न करता येई. त्याच्यासाठी अडीच ही दोन पूर्णांक एक छेद दोन अशी तीन मजली इमारत नव्हती, पाच किंवा सात यांच्यासारखीच एक संख्या होती, जिचा स्वतःचा पाढा होता. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणे-पै आणि शेर-पायली गेल्या, आणि हे पाढेही गेले. ते जाणं योग्यच होतं, मला त्यासाठी गळा काढायचा नाही. पण साडेतीन म्हणजे 'औट' ही संख्या आता फक्त औट घटकेच्या राज्यात उरली आहे, आणि सव्वा, दीड, अडीच जिवंत आहेत ते घड्याळ आणि भाजीवाल्यांच्या कृपेने.

म्हणूनच 'घोकंपट्टी की समज' हे आपलं आवडतं भांडण मला चुकीच्या जागी लागलेलं वाटतं. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, ३५ क्रुझेरोला एक नारळ, तर दहा नारळांचे किती? तो म्हणाला, तिनांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, अजून चार हवेत, मग ३१५, म्हणजे ३५०. बरोबर! शाळेतल्या कुठल्याही मुलाने ३५ पुढे शून्य लिहून क्षणात सांगितलं असतं. या मुलासाठी दहाने गुणणं म्हणजे शून्य जोडणं नव्हतंच, तिनातिनाचे ढीग रचणं होतं. गाड्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तीच आकडेमोड कागदावर मांडून दिल्यावर ३७ टक्के. २०२५ साली 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच चित्र आलं, आणि त्याची उलटी बाजूही आली: शाळेत नीट शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली.

याचा अर्थ काहीजण लावतात की मुलांना त्यांच्या पद्धतीने करू द्या, शाळेची पद्धत लादू नका. मला ते पटत नाही. नारळवाल्या मुलाला शून्य जोडण्याची युक्ती न देणं म्हणजे हजार वर्षांच्या सामाईक कमाईतून त्याला वगळणं. कापरेकरही हातच्याची वजाबाकी पक्की येत होती म्हणूनच खेळू शकले. पाढे हवेतच, सरावही हवा. आक्षेप आहे तो सराव संपला तिथे गणित संपतं या समजुतीला. ज्या मुलाचे पाढे पाठ आहेत पण ज्याने २१११ घेऊन स्वतः कधी अडचण ओढवून घेतलेली नाही, त्याच्याजवळ संख्या नाहीत, नुसती उत्तरं आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचाराचं गणितीकरण हे गणित शिकवण्याचं मुख्य उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवलं आहे. वीस वर्षं उलटली. शब्द छान आहेत, प्रश्नपत्रिका मात्र जिथल्या तिथे.

ते बदलायचं तर दोन ठिकाणी हात घालावा लागेल. पहिलं ठिकाण शिक्षक. ज्याने स्वतः गेल्या दहा वर्षांत एकही गणित निव्वळ कुतूहलापोटी केलेलं नाही, तो मुलांना ते करून दाखवणार कसं? यात दोष शिक्षकाचा कमी आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ त्याला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना लावू नका म्हणतं. प्रत्यक्षात माहिती भरण्याची आणि फोटो पाठवण्याची कामं संपत नाहीत. अशा दिनक्रमात उद्याचा कापरेकर शाळेत नोकरीला लागलाच, तरी त्याची वही कोरी राहील.

दुसरं ठिकाण परीक्षा. दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात एक प्रश्न असा असावा: एका मुलीने २१११ पासून सुरुवात केली आणि तिला शून्य मिळालं, दुसरीला ६१७४ मिळालं, दोघींची वजाबाकी बरोबर आहे, मग फरक कुठे पडला, आणि तू कुठला नियम धरशील व का? याला नमुना उत्तर काढता येणार नाही, अशी हरकत लगेच येईल. खरं आहे, येणार नाही. शून्य पुसणाऱ्या मुलानेही नीट कारण दिलं तर त्याला पूर्ण मार्क द्यावे लागतील. असा पेपर तपासायला परीक्षकाला दर उत्तरपत्रिकेमागे दोन मिनिटं जास्त लागतील, आणि मंडळाने त्या दोन मिनिटांचं मानधन द्यावं.